वाट पाहायची की बंद करायचं?

सोमवार, ३ फेब्रुवारी
दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसात आज रुजू झालो. सातपूरच्या कारखान्याने मला पन्नाशीत 'मोकळं' केलं. इथले मालक शेखरशेठ म्हणाले, अनुभवी माणूस हवा. म्हणजे कमी पगारात मिळणारा. तरी खूश आहे. काचेची केबिन, समोर लांबलचक टेबलं, जाळीच्या टोप्या घातलेल्या बाया कात्रीने घडातले खराब मणी उडवतात. एकमेकींशी बोलायचं झालं तर आधी कात्री खाली ठेवतात. काय ती शिस्त! वजनकाट्यावर माझी भाची मोहिनी. तिला मीच चिकटवली. कळवणच्या ताईला शब्द दिलाय, पोरीकडे लक्ष ठेवीन. मोहिनी म्हणते, मामा, तुम्ही डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधता, तुम्ही काय लक्ष ठेवणार!
रोजनिशी इथल्याच खणात ठेवीन. घरी बायको वाचते.

बुधवार, ५ फेब्रुवारी
इथलं सॉफ्टवेअर म्हणजे लाडावलेला जावई. स्क्रीनवर वजनाची खिडकी उघडी ठेवून गाडीची, म्हणजे माल चढवल्याची नोंद करायची, उघडली की रुसून गोठतं. आणि काम तर दोन्हीकडे एकदमच असतं. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणाला, सर, रिस्टार्ट करून बघा. एवढंच म्हणायचा पगार मलाही चालला असता. मुकादमीण कुसाबाई दारातून म्हणाल्या, सायेब, एका टायमाला एकच खिडकी उघडा. मी म्हटलं, मावशी, तुम्ही कात्री सांभाळा, कॉम्प्युटर मी सांभाळतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आज दोन खिडक्या उघडल्या. स्क्रीन गोठली. सहज काचेतून पाहिलं, तर मोहिनी हातात घड धरून थांबलेली. पापणीसुद्धा हलेना. गाडीची खिडकी मिटली, तशी पोरगी हलली. कुठे हरवली होतीस विचारलं, तर म्हणे, मी कुठे थांबले, मामा?
योगायोग म्हणून हसलो. मग खात्री करायला मुद्दाम पुन्हा उघडली.
करायला नको होतं. या वेळी पोरगी हलायला जास्त वेळ लागला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
कुसाबाईंना आत बोलावून विचारलं. त्यांनी आधी दार लावलं. वजनाच्या खिडकीत काट्यावरच्या माणसाचं नाव असतं. मागच्या हंगामात तिथे सुवर्णा होती. ती अशीच थांबली. स्क्रीनने विचारलं, 'प्रतिसाद नाही. वाट पाहायची की बंद करायचं?' तेव्हा माझ्या खुर्चीत अमोल होता, त्याला कंटेनरची घाई. त्याने 'बंद' दाबलं.
सुवर्णा स्टुलावरच गेली. डॉक्टरांनी हार्ट लिहिलं.
तवापासून आमी दोन कामं एकदम करत नाय, सायेब. कापताना बोलत नाय.
मोहिनीला घरी जा म्हणालो. हसली. म्हणे, मामा, तुम्ही नोकरी गेल्यापासून टीव्ही फार बघता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपार
परवापासून एकच खिडकी उघडतोय. मालाला उशीर होतो. शेठ तापले, कंटेनर उन्हात उभा, तुम्हाला काय पूजा मांडायचीय का? समजावलं. ते आत आले, माझ्या हातातला माऊस ओढला, गाडीची खिडकी उघडली—
मोहिनी थांबली.

नंतर
विचारतंय. गाडीची खिडकी मिटत नाही. 'वाट' दाबलं. पुन्हा विचारतंय.
शेठ म्हणतात बंद दाबा, रिस्टार्ट होईल. माऊस परत हिसकावून डाव्या हाताखाली दाबून बसलोय. देणार नाही.
कुसाबाईंनी तिच्या छातीला कान लावला. श्वास आहे. बारीक—
'वाट.'
'वाट.'

अजून
ताई, हे तुझ्यासाठी लिहितोय. मी 'बंद' दाबलं नाही. कुणी काही सांगो—
कुसाबाई काचेवर हात आपटतायत. सायेब, पेन ठेवा, एकच करा, एकच—
ठेवतो. एवढं लिहून. 'वाट.' डावा हात जड झालाय. पोरीकडे बघतोय, लिहितोय, दाबतो— पुन्हा विचारतंय— बोट हलत नाही, शेठ माऊसकडे हात—