कोपरा फाटलेलं कार्ड

पिंप्राळा, जळगाव
ता. ९ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप तानुअक्कास धाकट्या तोतारामाचा दंडवत. आम्ही सर्व जिवंत आहोत, हे आधीच लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? देवपुरात थंडी पडली असेल. भाऊजींची मिशी कितपत आली, तेही कळवणे. (बायकोच्या भावाच्या नातीसाठी मिशी उतरवायची रीत नाही, पण त्यांची माया.)

अक्का, माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही असं बोलून गेलीस, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. झालं ते असं. माझी नात कुसुमलता सहा वर्षं मुंबईत विलायती गाणं शिकली आणि ऑपेरात नायिका झाली. (ऑपेरा म्हणजे ज्यात माणसं पाणीसुद्धा गाऊन मागतात.) तिसऱ्या अंकात तिला क्षयाने मरायचं होतं. मरता मरता अर्धा तास गायली, खोकली एकदाही नाही. मी घाबरून उभा राहिलो, डॉक्टर बोलवा म्हणून ओरडलो. तेवढ्यात सगळं थिएटरच उभं राहून टाळ्या पिटू लागलं. त्या आनंदात तुला कार्ड लिहिलं, की आपली कुसुम काल मुंबईत मेली, लोकांना फार आवडलं. कार्ड खिशात ठेवलं, त्याचा कोपरा चुन्याच्या डबीच्या झाकणात अडकून फाटला, आणि मी चौथी नापास माणूस, न बघता पेटीत टाकलं. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे मयताचं, ते कोणी घरात नेत नाही. तुम्ही दारातच अर्धी ओळ वाचून तुकडे केलेत आणि डोक्यावरून पाणी घेतलंत, यात तुमचा काय दोष?

मग तुम्ही एसटीने आलात. गल्लीच्या तोंडापासूनच तू गळा काढलास. कुसुम सुट्टीवर आलेली, घरात रियाज करत होती. तुझा सूर वर, तिचा त्याहून वर, आणि ती दारात आली तेव्हा भाऊजी मटकन खाली बसले. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "अक्का, पोरीना आवाज तं तुमनाच शे!" पोरीचा गळा तुझ्यावरच गेलाय म्हटल्यावर तू रागाने उलट्या पावली गेलीस. पण कुसुम अजून म्हणते, आजीचा तो वरचा सूर मला सहा वर्षांत लागला नाही.

राग सोड.

तुझा
तोताराम

ता. क. हे मुद्दाम पाकिटात घातलं आहे. चारही कोपरे मोजून घे, मगच काय ती आंघोळ कर.

आणखी, कुसुम २२ जानेवारीला मुंबईत पुन्हा मरणार आहे. मला एकट्याला बघवत नाही. तू शेजारी बस आणि माझं धोतर धरून ठेव.

आणखी एक. तिथे मात्र रडू नकोस. पोरीचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही.