निलेशची उडी

शुक्र., ९ जाने.
पिक्चर लागला. गेल्या वर्षी दिघीच्या खाडीत ज्याचं शूटिंग झालं तो. हिरोच्या जागी फेरीबोटीवरून स्पीडबोटीत उडी मारणारा आमचा निलेश. त्या उडीत माझ्या या धाकट्या भावाची कंबर गेली, अजून काठीशिवाय संडासापर्यंत जाता येत नाही. शाळेतून आले तर आय सुकट निवडत बसलेली. "लागला का गो त्यो?" हो म्हटलं. नि. भिंतीकडे तोंड करून पडलेला.

शनि., १०
मुंबईच्या एका पेपरात चार स्टार. 'हिरोने जिवावर उदार होऊन मारलेली उडी श्वास रोखायला लावते.' हिरोने! तो त्या दिवशी अलिबागच्या हॉटेलात झोपलेला.
एका वेबसाइटवर दीड स्टार. पाठलाग सगळा कॉम्प्युटरवरचा, उडीला वजनच नाही म्हणे. वजन. हॉस्पिटलात नि.ची कूस बदलायला चौघं लागायची.
त्याला दोन्ही वाचून दाखवले. "एकाने माझी उडी हिरोला दिली ताई, दुसऱ्याने कॉम्प्युटरला." हसला. बरं नाही वाटलं ते हसणं.

रवि., ११
मोबाईल खाली ठेववत नाही. एक टोपीवाला यूट्यूबर म्हणतो पैसा वसूल. पुण्याचे एक ज्येष्ठ समीक्षक मात्र भयंकर चिडलेत: 'ढिसाळपणा इतका, की नायकाचे पाय फेरीवर असतानाच खालची बोट पुढे निघालेली दिसते. मग तो उडी कशात मारतो?'
पुन्हा पुन्हा वाचलं. निलेशचं टायमिंग चुकलं, हेच आजवर ऐकत आलो. उडी बसवणारा फाइटमास्टर हॉस्पिटलात येऊन आयलाही तेच सांगून गेला. नि.ला त्या क्षणाचं काही आठवत नाही. म्हणून त्याने मान्य करून टाकलं.

मंगळ., १३
रजा टाकून अलिबागला गेले, एकटीच बघितला. बोट आधी सुटली. त्याचे गुडघे वाकलेले, हात पुढे, आणि खाली पाणी. थिएटरात शिट्ट्या. मोबाईल काढून तेवढं टिपून घ्यायचं सुचलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले.
घरी सांगितलं.
"नक्की?"
"नक्की."
"मग वर्षभर मी स्वतःलाच शिव्या..."
आयने विचारलं, "म्हंजे त्याची चूक न्हाय?" न्हाय गं आय.

बुध., १४, संक्रांत
चार स्टारवाल्याला आणि पुण्याच्या त्या समीक्षकांना मेल केला, सगळं सविस्तर. पहिल्याचं उत्तर संध्याकाळीच: 'मी फक्त पडद्यावर दिसतं त्यावर लिहितो.' अरे, पडद्यावरच तर दिसतंय.
तिळगूळ घ्यायला बायका आल्या. गोड बोलायची इच्छा नव्हती.

शनि., १७
नि. स्वतःच म्हणाला, मला बघायचाय. शेजारच्यांच्या व्हॅनमधून मागच्या सीटवर आडवा करून नेला. प्रत्येक खड्ड्याला दात आवळायचा. कडेची खुर्ची, पाठीला उशी. पाठलाग सुरू झाला तशी त्याने माझं मनगट धरलं. फेरी आली, पळणारे पाय आले. आणि एकदम हिरोचा चेहरा, स्पीडबोटीत. मधलं काहीच नाही.
अंधारात माझ्याकडे वळला. "कुठंय?"
परतताना रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, "ताई, तू बघितलं होतंस ना? की मला बरं वाटावं म्हणून..."

रवि., १८
पुण्याहून फोन. माणूस सभ्य, आवाज थकलेला. मेल आजच वाचला म्हणाले. "फार वाईट झालं. पण मी संकलनातल्या चुकीबद्दल लिहिलं होतं हो. निर्मात्यांनी दखलही घेतली. गुरुवारपासून सगळीकडे तो शॉट काढून टाकलाय."
आवाजात थोडा आनंदच होता. मग लक्षात आलं असावं, घाईघाईने नि.ची तब्येत विचारली.
मी म्हटलं, तुम्ही बघितलंत ना, मग तेवढं तरी लिहा. पिक्चर भंगार म्हणा, पण बोट आधी सुटली हे लिहा.
"विचार करतो," म्हणाले.
नि.ला फोनवरचं सगळं सांगितलं. मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

सोम., १९
शाळेत जायला निघाले तर नि. उठून बसलेला, दाढी केलेली. माझ्याकडून फाइटमास्टरचा नंबर मागून घेतला. मी लावून देते म्हटलं, तर नको. आयने हातातलं काम थांबवलं.
"हॅलो मास्टर, निलेश बोलतोय. आगरदांड्याहून." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. मग म्हणाला, "न्हाय मास्टर, कामासाठी न्हाय. एकच विचारायचंय."
त्याने हाताने दार लोटून घ्यायची खूण केली. मी लोटून घेतलं.