घोडीचं तोंड पुसायचा रुमाल

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की छावणीतलं आपलं मैदान कुठून कुठवर होतं, हे आता मलाच लोकांना हात करून सांगावं लागतं. तुम्हाला उर्दूच वाचता यायचं, त्यामुळं मराठीत काहीही लिहिलं तरी तुमची बोलणी खाण्याची भीती नाही. जिवंत असतात तर माझी आज धडगत नव्हती.

तुमची घोडेस्वारीची शाळा म्हणजे काही थकलेले घोडे, एक चिंच आणि तुमचा आवाज. "पोरींना कशाला बसवता?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "घोडीला विचारा, तिला चालतंय." नव्या शागिर्दाला पहिल्याच दिवशी एक रुमाल मिळायचा, जुन्या पांढऱ्या चादरीतून फाडलेला, तुमच्या बीबींनी कड शिवलेला. रपेट झाली की उतरायचं, लगाम काढायचा, त्या रुमालानं घोड्याचं तोंड आपल्या हातानं पुसायचं आणि रुमाल तुम्हाला दाखवायचा. नुसता फेस असला तर तुम्ही मान हलवायचात. लगाम खेचून तोंड कापलं गेलं असलं, लाल ठिपका दिसला, की त्या स्वाराला आठवडाभर फक्त लीद काढायचं काम.

हे खूळ कुठून आणलंत, असं मी एकदा विचारलं. तुम्ही खरारा करता करता सांगितलंत. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या घोडदळातला तुमचा रिसाला मोडला, तुमची घोडी लिलावात गेली, आणि पुढं एक दिवस ती तुम्हाला स्टेशनवर टांग्याला जुंपलेली दिसली. ओठांच्या कडा फाटलेल्या. "टांगेवाल्याला पुसलं, हे कुणी केलं? तो म्हणला, माझ्याकडं आली तवाच अशी व्हती. त्याच्या आधीचाबी तेच म्हणला. लई हात लागले व्हते बेटा, अन् इचारलं तर एकाचाबी नव्हता."

एका बड्या साहेबांच्या मुलाचा रुमाल लाल निघाला, तो दिवसही आठवतो. साहेब स्वतः जीप घेऊन आले. घोड्यानं जीभ चावली असेल, म्हणाले. तुम्ही तो रुमाल जीपच्या बॉनेटवर पसरलात. "साब, घोडं झूट बोलत नाय. तुमचा पोरगा उद्यापासून लीद काढंल." आणि त्यानं काढली, नाक मुरडत का होईना. मला वाटलं, जग असंच चालतं. रुमाल दाखवला की झालं.

आज शेंद्र्याकडच्या मैदानावर अडथळे ओलांडायची स्पर्धा होती आणि मी तिथं पंच होते. केस पांढरे झाले की मान मिळतो, त्याबरोबर अधिकार मिळतोच असं नाही. सकाळच्या फेरीनंतर एक तांबूस घोडी बाहेर आली. स्वार तरुण, गुणी. पण प्रत्येक अडथळ्यापुढं त्यानं लगाम असा खेचला होता की माझेच दात आंबले. मी पुढं झाले आणि सवयीनं तिचं तोंड पुसलं. रुमाल लाल.

रक्त दिसलं तर स्वार बाद, हा नियमच आहे. मी रुमाल घेऊन बाकीच्या दोघा पंचांकडं गेले. त्यांनी घोडीचं तोंड पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एक जण हसून म्हणाला, "ताई, घोडीवर तर काहीच दिसंना. रक्त हाये ते तुमच्या रुमालावर. पुसायला कुणी सांगितलं व्हतं?" तुमचं नाव सांगून काय झालं असतं? तो स्वार हात जोडून म्हणाला, "काकू, पोटच्या पोरीसारखी सांभाळतो मी तिला. तिनंच जीभ चावली असंल. आज हुकलं तर माझी निवड गेली बघा." खोटं बोलत होता असंही वाटेना. स्वतःचं म्हणणं त्याला खरंच वाटत होतं.

दुपारी ती घोडी पुन्हा उतरली, जिंकली, आणि बाहेर येऊन नेमकी माझ्यापुढं थांबली. ओठाच्या कडेला पुन्हा रक्त. या वेळी मी हात लावणार नव्हते. बाकीचे पंच येऊ देत, त्यांच्या डोळ्यांनी बघू देत. मी हाका मारत राहिले. ते बक्षिसांच्या मांडवात होते आणि लाउडस्पीकर गरजत होता. तेवढ्यात स्वारानं बादली आणली आणि तिच्या तोंडावर पाणी मारलं. पंच आले तेव्हा तोंड ओलं आणि स्वच्छ होतं. मग सगळ्यांत जुनी स्वार म्हणून घोडीला हार घालायला मलाच पुढं केलं. मी घातला.

हे कुठं पाठवायचं नाही, आणि पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलंही नसतं. ती बादली येण्याआधी घोडीनं मान खाली घालून तोंड माझ्या हाताशी आणलं होतं. सकाळी पुसलं ते तिच्या लक्षात असावं. रुमाल माझ्या मुठीत होता, उस्ताद. मी पुसलं नाही.