पिकअपचं नवं नाक

तीर्थस्वरूप मामांस,

पिकअपखालून नुकत्याच बाहेर आलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (आडवा होतोच, तेव्हाच उरकून घेतला). डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचं कळलं, जिवाला बरं वाटलं. थंडी वाढली आहे, कान झाकून बसत जा. तुमची ती तपकिरी लोकरीची टोपी हरवल्यापासून तुमच्या कानांना कुणी वाली उरलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मामींनी ती जुन्या कपड्यांबरोबर देऊन टाकली, असं तुम्ही दर हिवाळ्यात चारचौघांत सांगता, आणि मामी बिचाऱ्या दर हिवाळ्यात नाही म्हणतात. असो. नवराबायकोच्या भांडणात मी कशाला पडू.

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिंकलो आहे.

पिकअप माझ्या हवाली करताना तुम्ही बजावलं होतंत की हिच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. मी बाहेरच्या कंपनीचा एअर इन्टेक, म्हणजे इंजिनाला जास्त हवा देणारं उघडं फिल्टर, बसवणार म्हटल्यावर तर तुमचा आवाज इतका चढला की फोन टेबलावर ठेवूनही सगळं नीट ऐकू आलं. "कंपनीतले इंजिनिअर काय माशा मारत बसलेत का? डिझेलच्या गाडीला टर्बो असतो, तो हवी तेवढी हवा ओढून घेतो. तुझं ते उघडं फिल्टर बॉनेटखालची गरम हवा पिणार, धूळ खाणार आणि नुसतं बोंबलणार." हे तुमचे शब्द. मी ते मनावर घेतले, पण उलटे.

माझीही बाजू ऐका. फर्निचरवाल्या बाईंचं गोदाम खाली आणि दुकान पार चढाच्या टोकाला. कपाटं भरली की आपली पिकअप मधल्या वळणापर्यंतच दमायची, काळा धूर ओकायची, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून माझा उद्धार करायच्या. एकदा तर एक आजोबा काठी टेकत मला मागे टाकून गेले (जाताना त्यांनी हात केला, तो धीर द्यायला होता असं मी धरून चाललो आहे). शेवटी बाईंनी सांगून टाकलं, "सोमवारी सहा कपाटं एका दमात वर आली तर काम तुमच्याकडे. नाहीतर त्या नव्या ट्रकवाल्याला देते." माझी झोपच उडाली. आमचं घर चालतं ते त्या एका कामावर. त्यात बायकोच्या बाजूची काच खाली अडकलेली, त्यामुळे गाडीत ती खिडकीला पुठ्ठा धरून बसते. आधी काच कर, असं तिचं म्हणणं. मी इन्टेक आणला. तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोललं जात होतं.

मिस्त्रीने फिल्टरचा जुना काळा डबा नळीसकट उपटून मागे हौद्यात टाकला आणि चकचकीत पाइपावर ते लाल, शंकूसारखं नवं फिल्टर चढवलं. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा बॉनेटखालून असा फुत्कार निघाला की गॅरेजचं मांजर पत्र्यावर जाऊन बसलं. ते अजून उतरलेलं नाही म्हणतात.

आणि सोमवार. मामा, काय सांगू तुम्हाला. वळण आलं, सवयीने माझा हात गिअरकडे गेला, आणि पिकअप जणू म्हणाली, राहू दे. धुराचा पत्ता नाही. नवा ट्रकवाला माझी फजिती बघायला मुद्दाम वळणावर थांबला होता (गाडी कडेला, मांडीवर जेवणाचा डबा, अगदी नाटकाला आल्यासारखा). त्याच्या शेजारून जाताना मी पाय जरा जास्तच दाबला, त्याचा घास हातातच राहिला. वर बाई दारात येऊन उभ्या होत्या. शेजारची भिंत पडली की काय, हे बघायला त्या बाहेर आल्या होत्या, पण काम माझ्याकडेच राहिलं. उतरवताना एका कपाटाच्या आरशात मी स्वतःला बघितलं आणि मला मी फार आवडलो.

तेव्हा डिझेलच्या पिकअपला बाहेरचा इन्टेक बसवावा का, हा वाद मिटला. बसवावा, डोळे मिटून बसवावा. ओळखीचे ड्रायव्हर आता माझा सल्ला घ्यायला येतात, आणि मी तो बॉनेटवर कोपर टेकवून देतो.

तुमचा विजयी भाचा

ता. क. : जुन्या डब्यात पुदिना लावायचा म्हणून बायकोने तो उलटा करून आपटला. नळीतून एक तपकिरी लोकरीची टोपी बाहेर पडली. काजळीने माखलेली, पण गोंडा शाबूत. डब्याचं झाकण खडखडतं म्हणून तिथे काहीतरी कोंबून ठेवलंय, असं तुम्हीच एकदा मोठ्या अभिमानाने म्हणाला होतात, ते आठवलं. तिथून ती ओढली जाऊन नळीत अडकली असणार. मामा, इतकी वर्षं ही गाडी तुमच्या टोपीतून श्वास घेत होती.

ता. क. दुसरा : बायकोने जुना डबा टोपीशिवाय परत बसवून घेतला, तेवढाच माल भरायला लावला आणि पुठ्ठा धरून शेजारी बसली. पिकअप चढली. तशीच चढली, शिवाय गुपचूप, आणि वर पोचल्यावर इंजिन कमी तापलेलं. म्हणजे इन्टेकबद्दल तुमचंच खरं. आता मुख्य काम. तुम्ही तिला फोन करून एवढंच सांगा की इन्टेक आणला नसता तर तो डबा कधी निघालाच नसता, म्हणून इन्टेक वाया गेला नाही. ती जाणकारांचं ऐकते. त्या बदल्यात टोपीचं मामींच्या कानावर जाणार नाही, हा माझा शब्द.

ता. क. तिसरा : बायको विचारते आहे की डॉक्टरांनी मामांना महिनाभर वाचायला मनाई केली आहे, तर हे पत्र त्यांना वाचून कोण दाखवणार? मी म्हटलं, थांब, नव्याने लिहितो. ती हेच पत्र घालायला पाकीट उघडून समोर उभी आहे. काच बसवायला उद्याच जातो आहे.

मामी, नमस्कार. टोपी तुम्ही देऊन टाकली नव्हती, हे तुम्ही सांगत होतात तेच खरं निघालं. ती स्वच्छ धुऊन सोबत पाठवतो आहे. मामांच्या डोक्यावर तुम्हीच घाला, आणि चारचौघांत घाला.