कुंदाला विचारलं नाही

९ ऑगस्ट ८३
कुंदा आज परत चक्कर येऊन पडली. लालबागला, स्वतःच्या खोलीत, डब्यांच्या पोळ्या लाटताना. संपात तिच्या नवऱ्याची, दत्तारामची मिल बंद, घर तिच्या डब्यांवर. पाय सुजलेत. ‘ताई, दमते गं, बाकी काही नाही.’ धाकटी बहीण, पण ऐकते कुठं. शाळेत रजा टाकून परळला हॉस्पिटलात नेणार.

१२ ऑगस्ट
हृदयाची सोनोग्राफी. डॉ.नी मला नि दत्तारामला बाहेर बोलावलं. गर्भाशयातली गाठ शिरेत शिरून वाढत वाढत थेट हृदयात पोचलीय. कॅन्सर नाही. पण तिथं अडकली तर जागच्या जागी… त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं म्हणे.
दोन ऑपरेशनं. आधी हृदय, मग पोट. गर्भाशय, अंडाशय, सगळं काढायचं, नाहीतर पुन्हा वाढेल.
मूल नाही अजून. मंगळवार धरलेत तिनं.
दत्ताराम म्हणाला, ‘ह्यां कळला तर ती ऑपरेशन करूक देवची नाय.’
मग नको सांगूया. हे मी म्हटलं. त्यानं नाही.

२६ ऑगस्ट
छातीचं झालं. वाचली. निघालेला तुकडा डॉ.नी दाखवला. पांढरा, गुळगुळीत, दोरखंडासारखा.

२ ऑक्टो.
कुंदा आता चालते-फिरते. ‘पोटातली गाठ निघाली की झालं ना? डॉक्टरांना विचार, मूल राहायला किती थांबायचं.’
सांगायला हीच वेळ होती. ‘आधी बरी तर हो,’ म्हटलं नि तिचे केस विंचरत बसले.

११ ऑक्टो.
सही दत्तारामची. सगळं काढलं. डॉ. खूश. ठाकूरद्वारला घरी आले, शाळेच्या वह्या तपासत बसले.

१९ ऑक्टो.
आज सांगितलं. दत्ताराम बाहेर जाऊन उभा राहिला.
तिनं टाक्यांवरून हात फिरवला. मग, ‘नसतं काढलं तर जगले असते?’
‘नाही.’
‘मग मी हो म्हटलं असतं. विचारायचं तरी.’
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती हो म्हणेल, हे.

६ नोव्हें.
लालबागला जाऊन आले. दत्तारामशी कामापुरतं बोलते. मला बस म्हणाली. स्टोव्हवर चहा ठेवला. एवढी वर्षं इथं आले की माझा चहा तीच करते, काही न विचारता.
आज वळून विचारलं, ‘साखर किती घालू?’