लिफ्ट बंद आहे

प्रिय खारूताई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या नावाने लिहायला बसलो तर हात पुढे सरकत नाही. तुझं खरं नाव पेपरवाल्यांनी इतकं चघळलंय की ते आता मला कुणा परक्या बाईचं वाटतं. शाळेतून आलीस की दप्तर माझ्या अंगावर टाकून तू जिन्याने पळत सुटायचीस. मी लिफ्ट घेऊन पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत दारात उभी राहून दात काढायचीस, “काका, तुमचा डबा हरला!” खरंच हरायचा. त्या इमारतीत जिना नेहमीच लिफ्टपेक्षा लवकर पोचवायचा. एकतीस वर्षं मी ते बघत आलो आणि नको त्या वेळी नेमका विसरलो. असो. ते पुढे लिहितो. आधी सांग, तिथे अंथरूण बरं मिळतं का? भिंतीला ओल असली तर पाठ लावून झोपू नकोस. लहानपणी तुला छातीचा त्रास होता, हे तिथल्या डॉक्टरला सांगितलंयस ना? तू नर्स असलीस म्हणून काय झालं, आपलं दुखणं आपण सांगायचं असतं. तुला ते कधी जमलं नाही.

माझं म्हणशील तर चाललंय. गुडघे गेलेत, झोप गेलीय. एक बातमी म्हणजे आपली लिफ्ट बदलली. तीन महिन्यांपूर्वी सेक्रेटरींनी नवी आणली. बटण दाबलं की आतून एक बाई “पाचवा मजला” असं बोलते. आवाज गोड आहे, पण ती कुणालाच ओळखत नाही. माझं स्टूल त्यांनी मागच्या बाजूला रद्दीजवळ टाकून दिलं. काम गेलं तशी मीटरमागची आमची खोलीही गेली. आता आम्ही दोघं तुझ्या काकूच्या भाच्याकडे राहतो. भाचा चांगला आहे. त्याची बायकोही वाईट नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवते. ज्या खोलीपायी मी इतकं केलं, ती शेवटी अशी गेली. हेही पुढे लिहितो. मला सरळ ओळीत सांगता येत नाही, तुला माहीत आहे. तुझे बाबा, आमचे मास्तर, मला म्हणायचे, तुझं बोलणं म्हणजे प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट.

मास्तरांची आठवण आली की लिहिणं थांबतं. मी नोकरीला लागलो तेव्हा पगाराच्या वहीत अंगठा लावायचो. शाळा दुसरीत सुटली, अक्षरं पार पुसून गेलेली. तुझ्या बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, खाली-वर करत बसतोसच, एका फेरीला एक अक्षर घे. मग ते लिफ्टमध्ये शिरले की बोटाने हवेत अक्षर काढायचे आणि पाचवा येईपर्यंत माझ्याकडून घोटून घ्यायचे. सही शिकायला मला दोन महिने लागले. पहिल्यांदा वहीत सही केली तेव्हा ते माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “आता तू लेखी माणूस झालास. जपून सही करत जा.” मग मी पेपर वाचायला लागलो. शेवटच्या वर्षी त्यांना मोतीबिंदूने दिसेना, तेव्हा उलटं झालं. मी स्टुलावर बसून मथळे वाचायचो आणि ते काठीवर हनुवटी टेकून ऐकायचे. माझं चुकलं की तुझी आई कठड्यावरून वाकून हसायची. त्या पेपरात पुढे त्यांचाच फोटो येणार होता.

त्या बुधवारनंतर लोकांना जे तोंड फुटलं ते अजून मिटलेलं नाही. तू रात्रपाळी करून आलेली, कानात कापूस घालून आतल्या खोलीत झोपलेली. बाहेरच्या खोलीत मास्तर आणि तुझी आई, दोघांची डोकी फोडून कुणीतरी गेलं आणि तुला कळलं नाही, हे कुणाच्याच गळी उतरेना. न्हावी म्हणाला, एवढी कुंभकर्णाची झोप बाईमाणसाला लागते का? पेपर टाकणारा म्हणाला, नर्स आहे, कुठे मारायचं ते तिला बरोबर ठाऊक. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या सासूला तू महिनाभर फुकट इंजेक्शनं दिलीस, त्या कॅमेऱ्यासमोर पदर सावरून म्हणाल्या, “डोळ्यांत टिपूस नाही हो पोरीच्या!” मोबाईलवर तुझा फोटो मोठा करून लोक एकमेकांना दाखवायचे, डोळे बघा, डोळ्यांतच आहे सगळं. ते डोळे रात्रपाळीने लाल व्हायचे, एवढं सांगायला कुणी नव्हतं. मी होतो. मी सांगितलं नाही. कुणी म्हणे घरासाठी, कुणी म्हणे लफडं असणार, कुणी म्हणे आगीशिवाय धूर निघत नाही. आमच्याकडे चहावाला दोन्ही बाजू मांडायचा. गिऱ्हाईक ज्या मताचं, त्या बाजूने तो बोलायचा.

आता माझं ऐक. तुझ्यापासून लपवून काही उपयोग नाही, मला ते दिवस आवडले होते. एकतीस वर्षं लोक लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि एका आठवड्यात सगळे तोंड वळवून उभे राहायला लागले. टीव्हीची माणसं मला “काका, काका” करायची. परक्या भागातली माणसं यायची आणि म्हणायची, जरा पाचवा दाखवा ना. मी दाखवायचो. दारावरचं सील दाखवायचो, तू कुठे उभी होतीस ते दाखवायचो. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. एकाने विचारलं, बापलेकीचं पटायचं का? मी म्हणालो, गेल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये भांडण झालं, पार जिवावरची भाषा झाली. ते भांडण कसलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार होत नव्हते आणि तू रडवेली होऊन म्हणालीस, “बाबा, तुमच्या काळजीने एक दिवस माझाच जीव जाईल.” मग तूच त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलंस. हे मी टीव्हीवाल्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं, म्हणजे धमकीच ना? मी मान हलवली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

कोर्टात तू माझ्याकडे पाहिलंस ते मला विसरता येत नाही. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू ओळखीचं माणूस दिसल्यासारखी पाहत होतीस, जणू आता काका आलेत, आता सगळं नीट होईल. सरकारी वकिलाने विचारलं आणि मी उत्तर दिलं. तुझ्या वकीलबाईंनी फिरवून फिरवून विचारलं, तरी तेच उत्तर दिलं. न्यायाधीशांनी निकालात माझं वाक्य जसंच्या तसं घातलं. गेल्या महिन्यात जन्मठेप झाली, तेव्हा चहावाल्याने ओरडून विचारलं, “काय लिफ्टवाले, जिंकलात ना?” मी हसलो. माझा हा दळभद्री स्वभाव आहे, कुणी हाक मारली की मी आधी हसतो.

त्यानंतर दोनदा पोलीस ठाण्यावर गेलो. पहिल्यांदा पायऱ्यांवरूनच परत आलो. बाहेरच्या बाकावर जरा टेकलो आणि बसल्याबसल्याच धीर गेला. दुसऱ्यांदा आत गेलो. टेबलापाशी बसलेल्या जमादाराला म्हणालो, पाचव्या मजल्याच्या खुनाबद्दल थोडं सांगायचं राहिलंय. त्याने लिहिता लिहिता वरही पाहिलं नाही. म्हणाला, “आजोबा, काल एकजण येऊन म्हणाला की खून मीच केला. परवा एका बाईच्या स्वप्नात खुनी आला होता. निकाल लागलाय. घरी जा, ऊन वाढतंय.” मी घरी आलो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका आठवली की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

तर राहिलेलं ते असं. त्या बुधवारी दुपारी मी लिफ्टवर नव्हतो. माझी कवळी तयार झाली होती आणि दातांचा डॉक्टर दुपारीच देणार होता. सेक्रेटरींकडे सुट्टी मागायची सोय नव्हती. स्टूल पुन्हा रिकामं दिसलं तर खोली खाली करायची, असं त्यांनी बजावलं होतं. सव्वादोनला मी लिफ्टची किल्ली फिरवून खिशात टाकली, “लिफ्ट बंद आहे” ही पाटी दाराला अडकवली आणि निघालो. ती पाटी आठवड्यातून तीनदा लागायची, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. कवळी एका बाजूने टोचत होती, डॉक्टरने घासून घासून बसवली आणि वेळ गेला. परत आलो तेव्हा पावणेचार झाले होते. दीड तास दारात कुणी नव्हतं आणि जिना उघडा होता. फाटकावरचा कॅमेरा तर वर्षभर बंदच होता. साडेचारला तू अनवाणी जिना उतरत आलीस, “काका, वर चला” म्हणालीस आणि माझा हात धरलास. बर्फासारखा हात होता तुझा. तासाभराने पोलिसांच्या साहेबांनी विचारलं, दुपारभर इथेच होतास? शेजारी सेक्रेटरी उभे होते. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, “हो साहेब, हललो नाही. चिटपाखरूही वर गेलं नाही.” दुसऱ्या दिवशी त्या चिटपाखराचा मथळा झाला. बाहेरचं कुणी आलं नाही, मग घरात उरलं कोण? तू.

त्या बुधवारी संध्याकाळीच टीव्हीवर मी पहिल्यांदा दिसलो, तेव्हा सगळ्या नातेवाइकांचे फोन आले, दात झकास बसलेत म्हणून. साऱ्या जगाने तुझे डोळे मोठे करून पाहिले. माझ्या तोंडात सकाळी नसलेले दात संध्याकाळी कुठून आले, हे मात्र कुणी विचारलं नाही. तुझ्या काकूला ठाऊक होतं, तिनेच मला डॉक्टरकडे पाठवलं होतं. ती दोन वर्षं काही बोलली नाही. खोली गेली तर या वयात कुठे जायचं, हे तिलाही कळत होतं. निकालाच्या दिवशी तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, “जेवा. आता चावता तरी येतंय ना तुम्हाला.” त्या दिवसापासून मी कवळी घालत नाही. भात कालवून गिळतो. याने तुला काही मिळत नाही, मला कळतं.

तू केलं नाहीस, असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी तिथे नव्हतो. मला सांगता येण्यासारखं खरं एवढंच आहे, मी नव्हतो. मनातून विचारशील तर मास्तरांचं बटण लावणारे तुझे हात मला माहीत आहेत. पण मनातलं कोर्टात चालत नाही आणि चाललं तरी लोक म्हणतील, म्हातारा फुटला, किती घेतले? खोटी साक्ष दिली म्हणून मला आत टाकतील, असं भाच्याने कुठेतरी वाचलंय. कदाचित आता काहीच होणार नाही. दोन वर्षं गेली. जो कुणी आला असेल तो कुठल्या कुठे पोचला असेल. मला रोज सकाळी वाटतं की उशीर झालाय आणि रोज संध्याकाळी वाटतं की सकाळीच जायला हवं होतं.

हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. ती देऊ नकोस. याच्यासोबत एक कागद आहे, तो सांभाळ. डॉक्टरने कवळी दिली त्याची ती पावती. तिच्यावर तारीख आहे, तीन वाजून वीस मिनिटं ही वेळ आहे आणि खाली “कवळी मिळाली” म्हणून माझी सही आहे. तुझ्या बाबांनी शिकवलेली. दोन वर्षं ती मी चष्म्याच्या घरात ठेवली, फाडायला तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली. पुढच्या महिन्यात वरच्या कोर्टात तुझी तारीख आहे. वकीलबाईंच्या हातात ही पावती दे. बोलावलं तर मी येईन असं लिहिलं होतं, पण ते वाक्य खोडलं. मी स्वतःला ओळखतो. बाकावर बसेन, धीर जाईल आणि कुणीतरी घरी जा म्हणालं की जाईन. तुझी पत्रं आधी तिथले लोक उघडून वाचतात म्हणे. वाचू देत, म्हणून तर सगळं वेळेसकट तपशीलवार लिहिलंय. आता चिकटवतो आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो. एकदा आत पडलं की मला हात घालून काढता येणार नाही. मी घाबरलो तरी सही घाबरणार नाही.

तुझाच,
लिफ्टकाका