तामलवाडीच्या ओढ्यातलं सोनं

तीर्थरूप शिवप्पामामांना तामलवाडीहून भाचा बंडप्पाचे शरणार्थ. तुमचा गुडघा आता वाकतो का? मामींचा खोकला कसा आहे? इकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे अटकेत कुणी नाही.

मामा, सोलापुरात तुम्ही मला तो अमेरिकेचा बोलपट दाखवलात, तिथून हे सगळं सुरू झालं. (दोष देत नाही, तिकीट तुम्ही काढलं होतं, एवढंच.) त्यातला टोपीवाला गडी घोड्यावरून गायी हाकतो आणि थाळीत नदीची वाळू धुऊन सोनं काढतो. वाळू तर आपल्याही ओढ्याला आहे. मी आमच्या गिरिजेची भाकरी थापायची परात उचलली आणि सकाळी ओढ्यात जाऊन बसलो. शेजारची हरणाबाई पाण्याला आली, काय करताय म्हणाली. मी बोलपटातल्या गड्यासारखा गप्प राहिलो. तिथंच चुकलं. बंडप्पा गप्प बसलाय म्हणजे त्याला सोनं सापडलंय, असं गावानं दुपारपर्यंत ठरवलं, आणि दिवस मावळायच्या आत घरोघरची परात ओढ्यात.

बातमी महसुलाच्या गिरदावरसाहेबांच्या कानावर गेली. ते शिपाई घेऊन आले, सोनं सरकारचं असा हुकूम उर्दूत वाचून दाखवला, पराती जप्त केल्या आणि ओढ्यावर पहारा बसवला. (मग आमच्याच पराती शिपायांच्या हातात देऊन वाळू धुवायला लावली.) गावात भाकरी थापायला परात न्हाय, गुरांना पाणी न्हाय. घरात माझी जी शोभा झाली ती लिहीत नाही.

शेवटी हरणाबाईनं गावातली सगळी गुरं सोडली आणि ओढ्याकडं हाकली. टोपी नाही, घोडा नाही, हातात नुसता निरगुडीचा फोक. शिपाई आडवा आला, हुकूम आहे म्हणाला.

हरणाबाई म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय? गायींना वाचून दाखवा."

गुरं लई तहानलेली होती. शिपाई बाभळीवर चढले, साहेब पाण्यात बसले. धुरळा खाली बसला तेव्हा बायका आपापली परात ओळखून घराकडं निघाल्या होत्या. साहेबांनी वर कळवलं म्हणे, की ओढा जातीनं तपासला. सोनं नाही, शेण मुबलक आहे.

मी सोन्याचा नाद सोडलाय. मामींना शरणार्थ सांगा.

आपला,
बंडप्पा

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या गफारजवळ चिंधीत एक पिवळा खडा बांधून दिलाय. पहिल्याच सकाळी माझ्या परातीत निघाला. भरवशाच्या सोनाराला दाखवा. इकडं कळू देऊ नका.

आणखी एक. त्याला आरपार बारीक भोक आहे. ओढ्यातलं सोनं भोकासकट येतं का, तेही विचारा. गिरिजेच्या बोरमाळेचा एक मणी सापडत नाहीय, पण तो भाकरी थापताना कुठंतरी पडला असं ती म्हणते, म्हणजे त्याचा ओढ्याशी काही संबंध नाही.